बोंडले

माणूस जेवतो ते दातांनी, असे मी अठ्ठावन्न वर्षे समजत होते. दात पडले की लोक कवळी बसवतात आणि तिचे कौतुकही सांगतात. ओठांची कुणी वास्तपुस्त करीत नाही. ओठ बोलायला, हसायला, रुसल्यावर मुडपायला. पण एकदा वरच्या ओठाला टाके पडले म्हणजे कळते, की या वाड्याचा दिंडीदरवाजा तोच आहे. पहारेकरी रजेवर गेला, की आत काय आले नि बाहेर काय सांडले याला काही धरबंध राहत नाही.

माझा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. टाळू शाबूत होती एवढे नशीब. पाच महिन्यांची असताना, १९६६ साली, पुण्याच्या एका इस्पितळात तो शिवला गेला. शिवण वाईट नव्हती. पण लहानपणी शिवलेले परकर-पोलके जसे वाढत्या अंगाला आखूड होते, तशी ती माझ्या ओठाला आखूड होत गेली. डावीकडची कड किंचित वर ओढलेली आणि नाकाखालून ओठापर्यंत एक पांढरट दोरा. पुरुषाला अशा वेळी मिशी ठेवता येते. मी फोटो काढताना उजवी बाजू पुढे करायला शिकले, पाहायला आलेल्या दोन स्थळांपुढे मान खाली घालून बसले, आणि पुढे शाळेत नोकरी लागल्यावर तेहतीस वर्षे मुलांना मराठी शिकवले. मुले चार दिवस ओठाकडे पाहत, पाचव्या दिवसापासून फळ्याकडे पाहू लागत. मुलांचे हे बरे असते.

निवृत्त झाले आणि पुतणीने टुमणे लावले. "आत्या, आता तरी ओठ नीट करून घे. तासाभराचं काम." सर्जन सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, खाण्याबोलण्याला तुम्हाला तशी अडचण नाही. हे आता रूपासाठीच. विमा कंपनीनेही पत्रात तेच म्हटले आणि खर्च नाकारला. माझ्या वयाला 'सौंदर्योपचार' हा शब्द त्या पत्रात पाहून मला आधी हसू आले आणि मग ते पत्र मी कपाटात जपून ठेवले. आजवर सौंदर्याचा आरोप माझ्यावर कुणी केला नव्हता.

आईला सांगणे तेवढे अवघड होते. आई ब्याऐंशीची. घरात आम्ही दोघीच. ती तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरा होता की ओठ." एवढेच. तांदूळ मात्र त्यानंतर तिने दोनदा निवडले.

तिचे म्हणणे मला फार उशिरा उमगले. मी माझा ओठ आरशातल्या ओठाशी ताडून पाहत होते. ती तो पहिल्या पाच महिन्यांतल्या उघड्या ओठाशी ताडून पाहत होती. तिच्या लेखी ते काम केव्हाच पुरे झाले होते आणि चांगले झाले होते. आता लेकीने ते उसवून परत शिवायला टाकले.

शस्त्रक्रियेचे वर्णन करण्यासारखे काही नाही, कारण मी झोपेत होते. जुना वण कापून काढला, ओठाभोवतीच्या स्नायूची टोके पुन्हा नीट जुळवली, लाल कड एका रेषेत आणली. जाग आली तेव्हा नाकाखाली कुणा दुसऱ्याचा ओठ ठेवून दिल्यासारखे वाटत होते. जड, बधिर, सुजलेला. परिचारिकेने सूचनांचा कागद दिला. उशी उंच ठेवा. गरम, तिखट, खारट, आंबट नको. चावून तोडण्याजोगे काही नको. प्रत्येक घासानंतर पाण्याने चूळ. पण जोराने नव्हे. टाक्यांवर मलमाचा पातळ हात. मोठ्याने हसू नका. स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका.

शेवटची सूचना वाचून पुतणीचा चेहरा उतरला, कारण तिने रंगीबेरंगी स्ट्रॉचे पुडकेच आणले होते. आजाऱ्याला नळीने प्यायला देणे तिला अगदी शास्त्रोक्त वाटत होते. पण ओढून प्यायचे तर ओठांचा चंबू करावा लागतो. ज्या स्नायूला नुकते टाके घातले, त्यालाच तो चंबू ताणतो. गरमाचे तर्कशास्त्रही असेच साधे. बधिर ओठाला चटका कळत नाही. चहा किती कढत आहे हे आपल्याला जीभ सांगते असे वाटते. तिच्या आधी ते ओठाने ओळखलेले असते.

पहिले तीन दिवस गार पेज, गार दूध आणि गार मुगाचे कढण. मला साखर घातलेले गार कढण मनापासून आवडत नाही, हे या निमित्ताने नमूद करून ठेवते. शेजारणी येत आणि आपापल्या परीने पथ्य सांगत. एकीने ताक आणले. त्यातल्या आंबटाने टाके असे चुरचुरले की डोळ्यांत पाणी आले, आणि ते पाणी ओघळून ओठावर आल्यावर खारटाचाही अनुभव पुरा झाला. चौथ्या दिवसापासून नाचणीची गोड आंबील, रव्याची खीर, दुधात कुस्करलेले पिकलेले केळे. पुढे गुरगुट्या भात, तोही कोमट होईपर्यंत ताटकळत. त्यावर मेतकूट मागितले तेव्हा आईने असे पाहिले, जणू मी भाकरी-ठेचा मागितला.

बोलण्याची गंमत निराळीच. तेहतीस वर्षे मी मुलांना ओष्ठ्य वर्ण शिकवले. प, फ, ब, भ, म. "ओठाला ओठ लावा नि सोडा," असे म्हणून वर्गभर फुर्रफुर्र करून घ्यायची. आता ओठाला ओठ लावायची मनाई, आणि लावला तरी तो लागल्याचे कळत नव्हते. पोळी, भाकरी, भात, भाजी, आमटी, पापड यांतले काहीही मला मागता येईना. मागता येत होते ते दही, कढण, खीर, साय, शिरा. पहिल्या यादीतला एक भात सोडला तर जे खायला बंदी तेच बोलायलाही बंदी, अशी ही सोय कुणी केली होती कोण जाणे! व्याकरणाच्या जुन्या परंपरेत उ-ऊ हेही ओष्ठ्यच; पण 'दूध' कसेबसे निभावून जाई. बाकी सगळे मी पाटीवर लिहून मागत असे. घरात पाटी होती. मास्तरणीच्या घरात नसेल तर कुठे असेल?

'आई' म्हणायला मात्र ओठ लागत नाहीत. हे माझ्या ध्यानात पहिल्याच रात्री आले. 'बाबा'ला लागतात, 'मामा'ला लागतात. मी अंधारात हाक मारली आणि ती इतकी स्वच्छ उमटली की मलाच दचकायला झाले.

चमच्याची अडचण होती. चमचा कितीही लहान घेतला तरी त्याची कड वरच्या ओठाला लागे, नाहीतर खीर हनुवटीवर येई. दुसऱ्या दिवशी सकाळी आई काही न बोलता माळ्यावरच्या पितळी डब्याकडे बोट दाखवू लागली. पुतणीने डबा काढला. आत जुन्या नवारीच्या चिंधीत गुंडाळलेले चांदीचे बोंडले होते. काळे पडलेले, एका बाजूला चेपलेले, पण चोच शाबूत. "हिला यानंच पाजलं," आई पुतणीला म्हणाली. माझा ओठ पकड धरीत नसे. तेव्हा ती दूध काढून या बोंडल्याने थेंब थेंब पाजायची. एका वेळेला अर्धा-पाऊण तास. शस्त्रक्रिया झाल्यावर तर माझ्या दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या, हात तोंडाकडे जाऊ नये म्हणून, आणि रडून टाके तटतील या भीतीने ती रात्ररात्र मला उभ्याने खांद्यावर घेऊन हिंडली. हे सारे मी प्रथमच ऐकत होते. आणि ऐकत होते तेही तिने दुसऱ्या कुणाला सांगताना.

डॉक्टरांना विचारले. ते हसले, आणि उकळत्या पाण्यातून काढून खुशाल वापरा म्हणाले. तेव्हापासून आई माझ्या उजवीकडे स्टुलावर बसे आणि बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यात टेकवून पेज घाली. तिचा हात एरवी थरथरतो. पेज घालताना थरथरत नसे.

पडल्या पडल्या नाही नाही ते आठवे. पुण्याच्या त्या कावसजीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. इंग्रजांच्या फौजेतला हा बैलगाडीवाला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक कापले, आणि पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाचे कातडे वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत छापून आली आणि तिकडचे शस्त्रवैद्य चकित झाले. सुश्रुताने तर नाक-कानांबरोबर ओठ सांधण्याचाही उल्लेख केला आहे. मला या थोर परंपरेबद्दल अभिमान वाटण्याऐवजी एकच प्रश्न पडे: पाच-सहा दिवस उताण्या निजवलेल्या त्या कावसजीला पेज कोण भरवीत होते?

सहाव्या दिवशी कागदावर 'भोपळ्याचे सार, गार' अशी बढती मिळाली. बाजारातून लाल भोपळा आला. आई तो चिरेना. आमच्याकडे ती भोपळा कधीच चिरत नाही. मोलकरणीकडून, भाजीवाल्याकडून, कुणी नसेल तर माझ्याकडून चिरून घेते. बाईने अख्ख्या भोपळ्याला पहिला सुरा लावू नये, अशी एक रीत आहे, त्यातलेच हे असेल असे मी समजत आले होते. पाटीवर लिहिले, "चिर की आता. मी कशी उठू?" ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी गिऱ्हाणात चिरला होता."

कार्तिकातली अमावास्या, सकाळचे ग्रहण. सासूबाईंनी बजावून ठेवले होते, विळीला हात लावू नकोस. पण धाकटा दीर तापातून उठलेला, त्याने भुकेने घर डोक्यावर घेतलेले. आजारी म्हणून त्याला खायची मोकळीक होती. हिला चिरायची नव्हती. हिने त्याच्यापुरती भोपळ्याची एक फोड चिरून सार केले. पुढे मी जन्मले, तेव्हा कुणी काही बोलले नाही. सासूबाईंनी फक्त ती विळी उचलून मोडीत दिली.

साठ वर्षे होत आली, आणि या बाईने हे कुणाला सांगितले नव्हते.

मी पाटी पुसली. मी मराठीची मास्तरीण, पण शस्त्रक्रियेपूर्वी पुष्कळ वाचले होते. लिहिले: ग्रहण २३ नोव्हेंबर १९६५. माझा जन्म १९६६च्या चैत्रात. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी पाचवा महिना. खाली दुसरी ओळ: वरचा ओठ सांधला जातो तो सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास, दुसरा महिना संपायच्या आत. तिसरी ओळ मी ठळक काढली: तू विळीवर बसलीस तेव्हा माझा ओठ होता तसाच होऊन दोन महिने उलटले होते.

आईने बोटांवर महिने मोजले. चैत्रापासून मागे. पुन्हा मोजले. मला वाटले, आता ती रडेल, नाहीतर हसेल. ती रागावली.

"मग कशानं झालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अनेक कारणे मिळून होते, काही रक्तातली, काही बाहेरची, आणि पुष्कळदा एकही बोट ठेवून दाखवता येत नाही. हे मी पाटीवर लिहिले. तिने वाचले. "एवढी वर्षं कारण तरी होतं," ती म्हणाली, आणि उठून देवघरात गेली. त्या दिवशी पेज मला पुतणीने भरवली, आणि निम्मी सांडली.

रात्री ती पुन्हा बोंडले घेऊन आली. चोच टेकवता टेकवता म्हणाली, "पाचवाच होता ना गं? नक्की?" मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिने हे आणखी तीनदा विचारले. दर वेळी मी पाटीवर तेच तीन आकडे काढले.

टाके निघाले, सूज उतरली. ओठात आधी मुंग्या आल्या, मग एके दिवशी वाऱ्याची झुळूक लागल्याचे कळले. प परत आला, मग ब, आणि शेवटी फ; फ फार हट्टी. ओठाची कड आता सरळ आहे. शेजारणी म्हणतात, छान दिसतेस; पण कोणता भाग बदलला ते त्यांना विचारले तर सांगता येत नाही. आई एकदा माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवून पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "शिलाई बारीक आहे." भोपळा ती अजूनही चिरत नाही. मीच चिरते.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सारे काही खायला मोकळीक दिली. त्या दिवशी दुपारी आईने चहा केला, माझा कप घेतला आणि तो बशीत ओतला. बशीतल्या चहाचा भुरका मारायचा तर ओठ नीट मिटून पुढे यावा लागतो, आणि मधून वारा नि चहा दोन्ही बरोबर आत यावे लागतात. मी बशी उचलली. पहिल्या खेपेला थोडा चहा पदरावर सांडला.

"वाजला नाही," आई म्हणाली. "पुन्हा मार."