रविवार देणारी माणसं

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्यांचं लहानपण गेलं त्यांना एक गोष्ट फार लवकर कळते. रविवार सगळ्यांना रविवारीच मिळतो असं नाही. कुणाचा मंगळवारी येतो, कुणाचा शुक्रवारी. कॅलेंडरमधला तांबडा आकडा आमच्या लायनीत शाळकरी पोट्ट्यांपुरता खरा होता. मोठ्यांची रेस्ट ड्यूटीच्या तक्त्यावर ठरायची.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली तेव्हा मुख्य मार्ग अमरावती शहराला बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून गेला. तेव्हापासून हे गाव रुळांच्या वेळेवर जगत आलं. एका बाजूला जुनी वस्ती, एका बाजूला नवी वस्ती आणि मधोमध स्टेशन. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई वेळ सांगायची ती गाड्यांवरून.

बाबा स्टेशन मास्तर होते, पण त्यांचं ठरलेलं असं एक स्टेशन नव्हतं. ते रेस्ट गिव्हर होते. लहान स्टेशनांवरच्या मास्तरांना आठवड्याची विश्रांती मिळावी म्हणून एक जण या स्टेशनावरून त्या स्टेशनावर फिरत असतो आणि ज्याची रेस्ट असेल त्याच्या खुर्चीत बसतो. बाबा एके दिवशी टिमटाळ्याला असत, दुसऱ्या दिवशी माळखेडला, मग उलट्या दिशेला टाकळीला किंवा कुरुमला. रविवारी बहुतेक वेळा कुरुम. त्यामुळे माझ्या लहानपणच्या रविवारच्या संध्याकाळी बाबा घरी नसायचे. तरीही त्या संध्याकाळी मला भरलेल्या आठवतात, आणि त्या कशाने भरलेल्या होत्या याचा विचार मी अजून करते.

आधी दुसऱ्या दिवसाची तयारी. आई पितळी लोट्यात निखारे भरून तो शाळेच्या कपड्यांवर फिरवायची. लोट्याचा काठ सांडशीत धरलेला, खाली जुन्या चादरीची घडी. कॉलर आणि स्कर्टच्या चुण्या यांवर लोटा जरा जास्त वेळ थांबायचा. भाऊ कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू लावून भिंतीला उभे करून ठेवायचा. मी पुस्तकांना कव्हरं घालायची, ती जुन्या वर्तमानपत्राची. खोबऱ्याचं तेल डोक्यात जिरवून आजी इतक्या घट्ट वेण्या घालायची की सोमवारी दुपारपर्यंत कपाळ ताणलेलं राहायचं.

उन्हाळ्यात हे सगळं अंगणात चाले. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेल्या दिवसानंतर घरात बसणं शक्यच नसायचं. सहा वाजले की आम्ही बादल्यांनी अंगण भिजवायचो, मातीतून आधी गरम वाफ यायची, मग हळूहळू गारवा. बाजा बाहेर निघायच्या. पावसाळ्यात सगळं ओसरीवर सरकायचं आणि आई उकडपेंडी करायची. हिवाळ्यातला बेत मात्र सगळ्यांत थोर होता. शेतातून आलेल्या पऱ्हाट्या चुलीजवळ रचलेल्या असत. कपाशीच्या या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली की भरिताला जो धुराचा वास लागतो तो गॅसवर लागत नाही. भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर, कांद्याची पात, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल, सोबत ज्वारीची गरम भाकर.

दिवेलागणीला आजीची हाक यायची, "पाय धुऊन घ्या रे पोट्टेहो, प्रार्थनेले बसा." आजी मोझरीच्या बाजूच्या खेड्यातली. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि तिथून सामुदायिक प्रार्थना वऱ्हाडातल्या गावागावांत गेली. सूर्य मावळताना सगळ्यांनी एका ओळीत बसायचं, जात-पात, लहानथोर बाजूला ठेवायचं, एवढी साधी ती रीत. आजीला ती माहेराहून मिळाली होती. मालगाडी धडधडत गेली तर आम्ही मधेच थांबायचो आणि शेवटचा डबा गेल्यावर पुढचा शब्द उचलायचो. क्वार्टरच्या लायनीतल्या आणि आजूबाजूच्या इतर घरांतली मुलंही येऊन बसत. त्यांतल्या कुणाचे वडील खलाशी, कुणाचे पॉइंट्समन, कुणाचे गावातल्या विजय मिलमध्ये.

१९८४ च्या सुमारास दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर झपाट्यानं उभी राहिली आणि आमच्या लायनीतही एका घरावर अँटेना दिसू लागला. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्या काकूंनी कुणालाही कधी परत पाठवलं नाही. खोलीत सतरंजी, मागे बाजेवर म्हाताऱ्या, दारात उभी असलेली माणसं. मध्ये बातम्या लागल्या की बाया स्वयंपाकाला पळायच्या. त्या घरातले काका स्वतः त्या वेळी ड्यूटीवर असायचे. त्यांनी पैसे साठवून घेतलेला टीव्ही आम्ही सगळ्यांनी पाहिला, त्यांनी मात्र क्वचितच.

बाबा यायचे ते रात्री. ड्यूटी संपली की पॅसेंजर, ती गेली असेल तर मालगाडीची ब्रेकव्हॅन. दारात सायकल लागली की आई म्हणायची, "कवाचे वाट पाहून राह्यले पोट्टे." आम्ही झोपेनं डोलत असलो तरी जेवायला थांबलेलो असायचो. ताटावर बसल्यावर बाबा एक गोष्ट न चुकता सांगत. ज्याच्या जागी ते दिवसभर बसले होते त्या माणसानं आपली रेस्ट कशी घालवली, ती. आज कुरुमचे मास्तर आईला घेऊन शेगावला गेले. आज त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. आज ते नुसते झोपले, दोन रात्रींची झोप राहिली होती. हे सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी पुढे फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं. दुसऱ्याच्या घरच्या रविवारात त्यांचा हात होता, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

आमचा रविवार आठवड्याच्या मधे यायचा, बाबांच्या रेस्टच्या दिवशी. शाळा सुटताना ते सायकल घेऊन फाटकाशी उभे असत. त्या संध्याकाळी आई पाटोडीचा रस्सा करायची. इतरांसाठी तो कुठलासा साधा बुधवार, पण आमच्या घरात त्याला सणाची कळा यायची.

पुढे नागपूरला वसतिगृहात असताना ग्रंथालयात नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचलं आणि हे सगळं माझ्या मनात नव्यानं जुळलं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना बांधली, हजारो सह्यांचं निवेदन केलं, त्यात पहिली मागणी आठवड्याच्या सुटीची. सहा वर्षं ते ती लावून धरत होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली. रेल्वेतल्या माणसांना कामाच्या तासांचा आणि विश्रांतीचा कायदा मिळायला १९३० उजाडलं, आणि १९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्यानं त्याला भक्कम रूप आलं. सलग काम असलेल्याला आठवड्यात सलग ३० तास, कामात खंड असलेल्याला पूर्ण रात्रीसह २४ तास. बाबांच्या त्या फिरत्या नोकरीमागे एवढा इतिहास उभा होता. कायद्यानं विश्रांती कागदावर येते. ती माणसाच्या घरी पोचवायला त्याच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसावं लागतं.

नोकरी पुण्यात लागली आणि रविवारच्या संध्याकाळचं रूप पालटलं. सुटीला आले की परतीची गाडी नेमकी त्याच वेळेची. बडनेऱ्याचा फलाट रविवारी संध्याकाळी पाहावा. मुंबईला जाणारी अमरावती एक्स्प्रेस, मागोमाग विदर्भ एक्स्प्रेस. वऱ्हाडातली शिकलेली मुलं पाठीला सॅक लावून उभी, आयांच्या हातात जवसाच्या चटणीचे आणि कैरीच्या लोणच्याचे डबे. कापसाच्या या मुलखानं आपली माणसं कितीतरी वर्षं अशी रविवारी संध्याकाळी गाडीत बसवून दिली आहेत. ज्या वेळी आमच्या लहानपणी घर भरायचं, त्याच वेळी आता ती घरं रिकामी होतात. याचं मला आजही वाईट वाटतं.

बाबा निवृत्त झाले त्यानंतरच्या एका रविवारी मी घरी होते. भावाची मुलगी शाळेत जाऊ लागली होती. संध्याकाळी बाबांनी इस्त्री तापवली, तिचा गणवेश पसरला आणि कॉलरपासून सुरुवात केली. आईनं हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, मले करू दे." आयुष्यभर ज्या वेळी ते घरी नव्हते त्या वेळेचं काम त्यांनी मागून घेतलं. पुढे हात थकेपर्यंत ते काम त्यांच्याकडेच राहिलं.

आता माझी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची सुटी बहुधा गुरुवारी असते. आमच्या घरी भरीत गुरुवारी होतं, शेजारच्यांना तेव्हाच बोलावतो, फोन बाजूला ठेवून तेव्हाच गप्पा मारतो. मुलीला याचं काही विशेष वाटत नाही आणि ते मला आवडतं. रविवारची संध्याकाळ म्हणून मी जे काही जपलं आहे ते वाराशी बांधलेलं नाही. घरातली माणसं त्या वेळेला एकत्र यावीत म्हणून कुणीतरी त्यांना मोकळं केलेलं असतं. आमच्याकडे ते बाबांनी केलं, आईनं केलं. टीव्हीवाल्या काकांनी स्वतः घरी नसतानाही केलं. लोखंड्यांनी तर जन्माला न आलेल्या माणसांसाठीही केलं.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या घरी धुणी-भांडी करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, दुकानातला पोरगा, गाडीचा चालक, यांना आठवड्याचा एक दिवस सुटीचा ठरवून द्या. त्या दिवसाचा पगार कापू नका. आणि त्या दिवशी त्यांचं काम कोण करणार, हे त्यांच्यावर न सोडता आपण ठरवा. त्यांच्याही घरी मुलं जेवायला थांबलेली असतात.