चार आवाजांचा मुशायरा

बटणं दाबून आधीच भरून ठेवलेली धून वाजवायची, यात लाइव्ह काय आहे? स्टाफरूममध्ये मी चिपट्यूनचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. उर्दू शिकवणाऱ्या बाईला असल्या भानगडी कशाला, हा दुसरा प्रश्न. तो कुणी तोंडावर विचारत नाही.

जुन्या संगणकांत आणि व्हिडिओ गेममध्ये आवाज काढणारी चिप असायची. तिच्याचकडून संगीत करून घ्यायचं, ते चिपट्यून. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या गेमबॉयमध्ये एका वेळी चारच आवाज निघतात. दोन चौकोनी लहरींचे, तिसऱ्याच्या लहरीचा आकार आपण ठरवायचा आणि चौथी नुसती खरखर. त्या खरखरीतूनच ढोल आणि झांज काढायची. एकदम तीन स्वर हवे असतील तर ते एकाच आवाजावर इतके झरझर फिरवतात की कानाला एकत्र वाजल्यासारखे वाटतात. या खेळण्याचं वाद्य केलं ते हौशी माणसांनी. जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोनं नॅनोलूप बनवलं, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीनं एलएसडीजे.

हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. एलएसडीजेमध्ये एक तुकडा सोळा पायऱ्यांचा असतो, हे त्यानं दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर तीनतालाचा हिशेब झाला. आवाज मात्र ओळखीचा होता. नव्वदीच्या दशकात आमच्या मोहल्ल्यात एका घरी टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम होता. गाण्याबजावण्याबद्दल अब्बांची मतं कडक, पण त्या टुकटुकीला गाणं कुणी समजतच नव्हतं. त्यामुळे त्या धुना आम्ही त्यांच्यासमोर बिनधास्त गुणगुणायचो.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लिप फेस्टिव्हल सुरू झाला. चार दिवस, जगभरचे हौशी कलाकार. पुढे तो टोकियोतही झाला. त्यावर २००८ साली ‘रीफॉरमॅट द प्लॅनेट’ नावाचा माहितीपटही आला. स्टेजवर एकटा माणूस, हातात गेमबॉय, समोर उड्या मारणारी गर्दी. एलएसडीजेमध्ये लाइव्हसाठी वेगळी सोय आहे. चारही आवाजांचे तुकडे वेगवेगळे सुरू करता येतात, थांबवता येतात. ठेका बंद करून नुसती धून लोंबकळत ठेवायची, लोक अधीर झाले की ठेका परत आणायचा. एखादा तुकडा लोकांना भावला तर तोच फिरवत राहायचा.

मला विचाराल तर हा मुशायराच आहे. शायर गझल घरून लिहूनच आणतो. माइकसमोर उभं राहून काफिये शोधत नाही. तरी मुशायरा जिवंत असतो, कारण कुठला शेर आधी घ्यायचा, कुठे थांबायचं, मुकर्ररची हाक आली की पहिला मिसरा पुन्हा कसा उचलायचा, हे समोरच्यांकडे बघून ठरतं. आणि समोरच्यांना रदीफ-काफिया ठाऊक असतो. शेर पूर्ण व्हायच्या आत ओठांवर काफिया येतो, म्हणून दाद जोरात पडते. चिपट्यूनच्या गर्दीलाही माहीत असतं की याच्याकडे चारच आवाज आहेत. म्हणून पाचवा असल्याचा भास झाला की ते ओरडतात. ज्याला ती चौकट माहीत नाही त्याला फक्त पीप-पीप ऐकू येतं.

सगळेच उस्ताद असतात असं नाही. काही जण सुरुवातीचं बटण दाबतात आणि पुढे फक्त नाचतात. कमजोर शेर तरन्नुमवर तारून नेणारे शायर आपल्याकडे कमी आहेत का?

भाच्याची अडचण वेगळीच आहे. यंत्र आहे, गाणी आहेत, ऐकणारे नाहीत. आपा म्हणते, त्यापेक्षा पेटी शीक, निदान शाळेच्या गॅदरिंगला वाजवशील. तिचं अगदीच चूक नाही. पेटी ऐकणारे गावात शंभर सापडतील. हा रात्री आपल्या धुना परदेशातल्या कुणाकुणाला पाठवतो. गेल्या महिन्यात त्यातल्या एकानं विचारलं, खरखरीतून तो डफासारखा आवाज कसा काढलास? दोन दिवस पोरगा जेवतानाही हसत होता. आपानं मला फोन करून विचारलं, याला झालंय तरी काय?