ओट्यावरची सावली

वायरमनने आमच्या स्वयंपाकघराच्या नकाशावर बॉलपेनने सहा गोल काढले. तीन इकडे, तीन तिकडे. "मॅडम, एकदम बराबर दिखेगा," तो म्हणाला. खोली दहा बाय आठची. छताला पीओपी होणार, त्यातच हे दिवे बसणार. ना वायर दिसणार, ना होल्डर. भाऊ खूश होता. मीही हो म्हणणार होते. एवढ्यात अम्मी कांदा चिरायला ओट्याशी उभी राहिली आणि मागच्या ट्यूबने तिची सावली नेमकी पाटावर पडली.

मी सहावीच्या मुलांना सायन्स शिकवते. 'रोशनी खत-ए-मुस्तकीम में सफर करती है' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिडसारखे ग्रीक विद्वान मानत. अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाझिर' लिहून दाखवले, की उजेडच वस्तूकडून डोळ्याकडे येतो. हे मी अभिमानाने सांगते. पण उजेड वस्तूवरच पडला नाही, तर डोळ्याने काय करावे? हा प्रश्न मला घरात कधी सुचला नाही.

जुन्या नाशकात, चौक मंडईच्या बाजूला आमचे घर होते. तिथे चाळीसचा एक बल्ब दाराच्या चौकटीवर टांगलेला असे, म्हणजे एकाच बिलात दोन खोल्या उजळत. हिशेब अब्बांचा. चूल भिंतीकडे, बल्ब पाठीमागे. भारनियमनाच्या वर्षांत तर तोही नसे, मग कंदील. रमजानमध्ये सहरीच्या रोट्या अम्मी अंदाजानेच भाजायची. नव्या फ्लॅटमध्ये ट्यूब आली, पण तीही पाठीमागच्याच भिंतीवर.

भावाच्या मंगनीच्या दिवशी पुलावात एका पाहुण्याच्या दाताखाली खडा आला. मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "अम्मी, चावल ठीक से चुनना था ना!" ती काही बोलली नाही. त्यानंतर सूप तिने हातात घेतले नाही, आणि पुढे लग्न होऊन भाभी आली तेव्हा ते काम तिच्याकडे गेले. दोन वर्षांनी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसरा अजून राहिला आहे.

त्या रात्री मी भावाला स्टुलावर चढवले, मोबाइलची टॉर्च छताशी धरायला लावली आणि अम्मीला ओट्याशी उभे केले. भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे वायरमनच्या गोलाच्या जागी टॉर्च धरली, की डोक्याची सावली पाटावर. दोन फुटांवर, ओट्याच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर वर आणली, तर सावली मागे जमिनीवर. पाच मिनिटांचा प्रयोग. भाऊ वैतागून म्हणाला, "आपा, ये स्कूल नहीं है." पण खडूची खूण त्यानेच केली.

मग सगळेच बदलले. तीन दिवे दोन फुटांच्या रेषेवर आले. त्यातला एक बरोबर शेगडीच्या वर येत होता. तेलाच्या वाफेने महिन्यात चिकट झाला असता, तो बाजूला सरकवला. वरची कपाटे फूटभर पुढे येतात, त्यांची स्वतःची सावली ओट्यावर पडते. म्हणून त्यांच्या पुढच्या कडेखाली पट्टीचा दिवा लावला. उरलेल्या तिनांऐवजी मध्ये एकच, आणि त्याचे बटण वेगळे. दिवे विकत आणल्याशिवाय पीओपीला भोके पाडू दिली नाहीत, कारण प्रत्येक कंपनीचे माप निराळे. "अब बराबर नहीं दिखेगा," वायरमन म्हणाला. त्याचेही खरेच होते.

दुकानात मला सर्वात जास्त वेळ लागला. लोक स्वस्त, पांढरेशुभ्र दिवे घेतात, ६५०० केल्विनचे. आम्ही ४००० चे घेतले आणि खोक्यावर सीआरआय ९० आहे ना, हे पाहून घेतले. रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा. पुलावासाठी तळलेला कांदा बदामी झाला की लगेच काढायचा असतो, क्षणभर उशीर झाला तर कडू. दुकानदार म्हणाला, "किचन के लिए इतना कौन देखता है?" मी म्हटले, किचनसाठीच तर पाहायचे. ड्रॉइंगरूममध्ये कोण कांदा तळते?

पहिल्या संध्याकाळी अम्मीने बटण दाबले. टाइल्सवरचे डाग पाहून आधी भाभीकडे, मग स्वतःच्या हातांकडे पाहिले. काही न बोलता डब्यातले तांदूळ सुपात घेतले आणि ओट्याशीच निवडू लागली. थोड्या वेळाने दोन खडे काढून कडेला ठेवले.

"उस दिन भी मैंने दो बार चुने थे," ती म्हणाली.

मला काही सुचले नाही. मी शेजारी जाऊन सुपात वाकून पाहू लागले, तर तिने कोपराने मला सरकवले.

"हट, साया पड रहा है."