पहिल्या वर्षाचे धावणारे

शुक्रवार, ८ सप्टेंबर २०१७
काल रात्री फॉक्सबरोच्या मैदानावर करीम हंटने एनएफएलमधला पहिलाच चेंडू घेतला, धावला, आणि चेंडू हातातून निसटला. पेट्रियट्सनी तो उचलला. आता या पोराला बाकावर बसवणार, असं वाटलं. पण प्रशिक्षक अँडी रीडनी चेंडू परत त्याच्याच हाती दिला, आणि देत राहिले. धावून १४८ यार्ड, झेल घेऊन ९८, तीन टचडाउन! कॅन्सस सिटी चीफ्स ४२-२७ ने जिंकले. हंट ड्राफ्टमध्ये ८६वा. स्पेन्सर वेअरचा गुडघा सरावाच्या सामन्यात गेला, म्हणून याला सुरुवातीची जागा मिळाली. नवख्या रनिंग बॅकची गुणवत्ता मोजायच्या आधी त्याला चेंडू कसा मिळाला, हे लिहून ठेवायला हवं.

सोमवार, २ ऑक्टोबर
मिनेसोटाच्या डाल्विन कुकचा गुडघा गेला, हंगाम संपला. चार सामन्यांत ३५४ यार्ड झाले होते. फार वाईट वाटलं. वर्षअखेरच्या यादीत हा आकडा कुठेतरी खाली पडून राहील आणि चार सामन्यांतला तो वेग कुणाला आठवणार नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर
पिट्सबर्गमध्ये जॅक्सनव्हिलचा लिओनार्ड फोर्नेट २८ वेळा धावला, १८१ यार्ड. सरासरी साडेसहाच्या जवळ. पण त्यातली एकच धाव ९० यार्डांची, तीही सामना हातात आल्यावर. ती बाजूला ठेवली तर २७ धावांत ९१ यार्ड उरतात.
भाचा चिडला. "मामा, ती का बाजूला ठेवायची? पळाला ना तो?"
पळाला, खरंच आहे. धाव वगळायची नाही, वेगळी लिहायची. पण मला त्या २७ जास्त मोलाच्या वाटतात. जॅक्सनव्हिलच्या पासची धास्ती कुणालाच नाही, त्यामुळे समोरचे आठ-आठ जण रेषेजवळ दाटीने उभे राहतात. त्या गर्दीत दोन-तीन यार्ड ढकलून काढणं हे हाडं मोडणारं काम आहे.

सोमवार, २० नोव्हेंबर
एड्रियन पीटरसनला सेंट्सनी ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाला देऊन टाकलं, तेव्हापासून एल्विन कमारा मोकळा झालाय. काल वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत १८ यार्डांच्या पासवर टचडाउन, लगेच दोन गुणांची धावही त्याचीच. बरोबरी झाली आणि जादा वेळेत ३४-३१.
त्याचं धावणं मी थांबवून थांबवून पाहतो. धक्का बसतो तेव्हा त्याचं वरचं शरीर झुकतं, पाय मात्र खालीच राहतात. कबड्डीत कंबरेला पकड बसल्यावरही रेषेकडे सरकत राहणारा चढाईपटू आठवतो.

सोमवार, २७ नोव्हेंबर
बफेलोविरुद्ध हंट ११ धावांत १७ यार्ड. सप्टेंबरमध्ये डोक्यावर घेणारे आता म्हणतात, दम संपला. मला तसं दिसत नाही. चीफ्सचा सगळाच डाव अडकलाय. पुढचे लाइनमन वाटच काढून देत नाहीत.

सोमवार, १ जानेवारी २०१८
काल हंट डेन्व्हरमध्ये एकदाच धावला: ३५ यार्ड, टचडाउन, मग विश्रांती. तेवढ्यात टॉड गर्लीचे १,३०५ मागे पडले आणि १,३२७ यार्डांनी हंट लीगमध्ये पहिला आला. पहिल्याच वर्षी!
संध्याकाळी भाच्याबरोबर आकडे मांडले. हंटच्या २७२ धावा, फोर्नेटच्या २६८. संख्या जवळजवळ एकच, यार्डांत मात्र २८७ चा फरक: सरासरी ४.९ विरुद्ध ३.९. हा सगळा फरक पायांचा आहे, हे मी मानत नाही. ख्रिश्चन मॅकॅफ्री धावून ४३५ यार्डच, पण झेल ८०. नुसत्या धावण्याच्या रकान्यात तो नापास ठरतो. कॅरोलायनाने त्याला वापरलाच दुसऱ्या कामाला.
कमाराच्या १२० धावांत ७२८ यार्ड, ८१ झेलांत ८२६. दर धावेला ६.१. भाच्याने लगेच गुणाकार केला, "२७२ वेळा दिला असता तर साडेसोळाशेच्या वर!" नाही, तसा गुणाकार होत नाही. कमाराची अर्धी ताजगी त्याच्याच संघातल्या मार्क इंग्रॅमने राखली. मधल्या दाटीतले जड धक्के इंग्रॅमने २३० वेळा सोसले. धावून-झेलून दोघांचे मिळून पंधराशेच्या वर यार्ड, असं नव्हे, प्रत्येकाचे, एकाच संघात!

सोमवार, १५ जानेवारी
फोर्नेट पुन्हा पिट्सबर्गमध्ये: १०९ यार्ड, तीन टचडाउन, ४५-४२. यात एकही नव्वदची धाव नाही. ३.९ वाला गडी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हा सामना पाहावा.

रविवार, ४ फेब्रुवारी
आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित म्हणून काल कमाराचं नाव जाहीर झालं. दर स्पर्शाला मिळालेले यार्ड पाहिले तर त्याच्या जवळपास कुणी नाही, त्यामुळे निवड चुकली असं कुणी म्हणू नये. माझं मत असतं तर हंटला गेलं असतं. ३२५ वेळा चेंडू हाती, बहुतेक वेळा पहिला धक्का त्यालाच, आणि नोव्हेंबरातल्या त्या १७ यार्डांनंतर डिसेंबरात पुन्हा शंभरी. भाच्याला पटलेलं नाही. त्याने एप्रिलच्या ड्राफ्टसाठी नवीन पान उघडलंय, वर नाव लिहिलंय: पेन स्टेटचा सेक्वॉन बार्कली. मी खाली विचारलं, याच्यापुढे लाइन कोणाची?