घाटातले फलक रात्री जातात कुठे?

कुंभार्ली घाटात फलक दिसत नाहीत अशी तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं : 'फलक आहेत, पाहणी केली आहे.' खोटं नाही ते. पण पाहणी होते दुपारी बाराला, कोरड्या उन्हात. फलकाची गरज पडते रात्री दोनला, धुक्यात.

आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो, त्यात रेडियम नसतं. त्या चकचकीत पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. गाडीचा उजेड पडला की ते तो आल्या वाटेने परत पाठवतात. स्वतःचा उजेड त्याला नाही. त्यामुळे मध्ये जे येईल ते आडवं जातं.

धुक्यात उजेडाला जाताना एकदा आणि परतताना एकदा, असं दोनदा धुकं कापावं लागतं. अप्पर मारला तर धुकंच तो डोळ्यांवर फेकतं, समोर पांढरी भिंत. पावसात रस्त्यावरचे पट्टे गायब होतात, कारण त्यातल्या मण्यांवर पाण्याचा थर बसतो आणि उजेड पुढे घसरून जातो.

सगळ्यात फसवं हिवाळ्यातलं दव. निरभ्र रात्री फलकाचा पातळ पत्रा हवेपेक्षा गार होतो, त्यावर थेंब धरतात आणि चांगला नवा फलकही पहाटे काळा पडतो. ऊन आलं की पुन्हा झकास! पंचनाम्याला पुरावाच उरत नाही. मग 'चालकाचे नियंत्रण सुटले' ही ओळ आम्हा पत्रकारांकडे तयारच असते.

जुलैत रात्री चिपळूणला उतरताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून मी वळणं घेतली आहेत. तो ट्रकच चुकला असता तर?

मागणी मोठी नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर फलक धुवा, शेवाळ काढा, आड आलेली झुडपं तोडा. वळणांवर पाण्याच्या थरावर डोकं काढून राहणारे 'कॅट्स आय' बसवा. आणि वर्षातून दोनदा तरी पाहणी रात्री करा : एकदा भर पावसात, एकदा थंडीच्या पहाटे.

आपणही एक करू शकतो. रात्री सुरक्षित जागी गाडी लावून फलकाचा मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढा. हेडलाइटमध्ये फलक कसा दिसतो, त्याचा बराचसा अंदाज त्यात येतो. ठिकाण आणि वेळ लिहून मला पाठवा. पुढच्या वेळी 'फलक आहेत' म्हणणाऱ्यांसमोर तेच ठेवू.