तीनशे फूट रुंद धावपट्टी

राइट-पॅटरसन हवाई तळावर पहिल्यांदा उतरताना उंचीचा माझा अंदाज साफ चुकला. माझ्या नेहमीच्या विमानतळाची धावपट्टी शंभर फूट रुंद आहे. इथली तीनशे फूट रुंद आणि बारा हजार सहाशे फूट लांब. एवढी रुंद पट्टी समोर आली की डोळ्यांना वाटतं आपण टेकलोच, आणि हात विमानाचं नाक लवकर उचलतात. माझं चार आसनी सेसना १७२ जमिनीच्या दहा-बारा फूट वर तरंगत राहिलं. थ्रॉटल जरा पुढे सारला, नजर पट्टीच्या पार टोकाला लावली, मग चाकं टेकली. तिथून सगळी धावपट्टी पुढे शिल्लकच होती.

मी अमेरिकी सरकारच्या नोकरीतला, पण गणवेशात नसलेला अभियंता. अलाबामातल्या हंट्सव्हिलहून ओहायोतल्या डेटनजवळच्या या तळावर कामासाठी जावं लागतं. मोटारीनं सहा-सात तास लागतात. विमान कंपनीनं गेलं तर मध्ये विमान बदलण्यात दिवस जातो. स्वतःच्या विमानानं तीन तास. खासगी विमानानं जाणं सरकारच्या फायद्याचं आहे असं आधी मंजूर झालं, तर मैलामागे भत्ताही मिळतो. २०२४ मध्ये तो १.७६ डॉलर होता.

पण लष्करी तळावर उतरायचं तर आधी कागद. डीडी २४०० हे विम्याचं प्रमाणपत्र. डीडी २४०२ हे हमीपत्र: काही घडलं तर सरकारवर दावा लावणार नाही, असं मालकानं लिहून द्यायचं. हे दोन्ही नीट असतील तर डीडी २४०१, म्हणजे उतरण्याचा परवाना. माझा पहिला अर्ज परत आला. विमान आम्हा तिघा भागीदारांच्या कंपनीच्या नावावर, आणि विम्याच्या कागदावर नाव फक्त माझं! तेव्हा मी वैतागलो होतो. पण तळावर उभ्या असलेल्या एकेका विमानाची किंमत डोळ्यांपुढे आणली, की माझ्या पंखाचं टोक कुठे घासलं तर भरपाई कोण देणार हे आधीच ठरवून घेण्यात गैर काय, हे पटतं.

परवाना हातात असला तरी प्रत्येक खेपेला आधी फोन करून परवानगीचा क्रमांक घ्यावाच लागतो. संकटात सापडलेल्या विमानाला मात्र उतरण्याआधी कोणी कागद विचारत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तळ ओळखण्याची एक खूण आहे. नागरी विमानतळाचा दिवा एकदा पांढरा, एकदा हिरवा लुकलुकतो. लष्करी तळाचा दोनदा पटापट पांढरा आणि मग हिरवा. जवळजवळच्या धावपट्ट्यांची गफलत अनुभवी माणसांचीही होते. २०१२ मध्ये टँपाच्या मॅकडिल तळाकडे निघालेलं सी-१७ हे अजस्र मालवाहू विमान जवळच्या पीटर ओ. नाइट या छोट्या विमानतळावर उतरलं होतं. तेव्हापासून मी धावपट्टीचा क्रमांक मोठ्यानं वाचल्याशिवाय खाली येत नाही.

उतरल्यावर एक गाडी पुढे लागते, तिच्यामागून जायचं. ठरलेल्या जागी तरुण जवान हातातल्या काठ्या डोक्यावर नेऊन थांबण्याची खूण करतो. त्यानं माझ्या चिमुकल्या विमानाच्या चाकांना पाचर लावली तीही तितक्याच नेटकेपणानं, जितकी तो जेट विमानाला लावत असेल. ओळखपत्र तपासलं, कॅमेरा बंद ठेवायला सांगितलं.

इंधनाचं मात्र आपलं आपण बघावं लागतं. तळावर जेटचं इंधन असतं. माझ्या पिस्टन इंजिनाला लागणारं पेट्रोल नसतं, आणि चुकून जेटचं भरलं तर इंजिन हवेत बंद पडायचं. म्हणून परतताना मी आधी जवळच्या नागरी विमानतळावर उतरून टाकी भरून घेतो.

त्या पहिल्या खेपेला निघताना माझ्या पुढे एक सी-१७ होतं. त्याच्या पंखांमागे उठणारे भोवरे विरेपर्यंत टॉवरनं मला थांबवलं. मग परवानगी मिळाली, आणि अर्धी पट्टीही संपायच्या आत मी हवेत होतो. तळाच्या कुंपणाच्या आतच हफमन प्रेरी आहे. १९०४ आणि १९०५ मध्ये राइट बंधूंनी तिथे गुरांच्या कुरणात विमान वळवायला, घिरट्या घालायला शिकून घेतलं. ५ ऑक्टोबर १९०५ला विल्बर सलग ३९ मिनिटं उडत राहिले. वरून ते कुरण सपाट, हिरवं आणि मोकळं दिसत होतं. मी पंख किंचित कलवला, पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं आणि दक्षिणेकडे वळलो.