तीस सेकंदांची गोष्ट

ह्यांना वेस्टर्न सिनेमांचं भारी वेड. लग्नानंतर मीही मॅटिनीला जाऊ लागले आणि 'मकेनाज गोल्ड'पासून मलाही ते वेड लागलं. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका! सिनेमा संपला की माझा पहिला प्रश्न, "यातलं खरं किती हो?"

ओ. के. कोरलच्या चकमकीचंच बघा ना. २६ ऑक्टोबर १८८१, अ‍ॅरिझोनातलं टूमस्टोन गाव. एका बाजूला गावचा मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, शिवाय डॉक हॉलिडे. समोर क्लँटन आणि मॅक्लॉरी मंडळी. गोळीबार चालला जेमतेम तीस सेकंद, तोही घोड्यांच्या त्या आवारात नाही, तर जवळच्या मोकळ्या जागेत. तिघं मेले. त्यातला बिली क्लँटन अवघा १९ वर्षांचा. टॉम मॅक्लॉरीजवळ पिस्तूल होतं की नव्हतं, यावर अजून वाद आहे.

या तीस सेकंदांवर किती सिनेमे निघाले! जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' १९४६ चा. त्यात डॉक चकमकीत मरतो. खरा डॉक १८८७ मध्ये क्षयाने गेला. म्हातारा क्लँटन त्यात मुख्य खलनायक. खरा क्लँटन चकमकीच्या दोन महिने आधीच मारला गेला होता. आणि गावामागे दिसते ती मॉन्युमेंट व्हॅली टूमस्टोनपासून शेकडो किलोमीटर दूर! तरीही सिनेमा सुंदरच आहे. नुकतं महायुद्ध संपलेलं. कायदा आणून शांतपणे निघून जाणारा नायक तेव्हा लोकांना हवा असावा.

जॉन स्टर्जेसने तर हीच कथा दोनदा सांगितली. १९५७ च्या सिनेमात चकमक शेवटी येते आणि कित्येक मिनिटं चालते. १९६७ च्या 'अवर ऑफ द गन'मध्ये ती सुरुवातीलाच उरकते. मग व्हर्जिलवरचा हल्ला, मॉर्गनचा खून आणि वायटने घेतलेला सूड. कायद्याचा माणूस कायदा सोडतो! दिग्दर्शक तोच, घटना तीच. मधल्या दहा वर्षांत अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली होती. बदलला तो काळ, असं मला वाटतं.

खुद्द फोर्डनेही १९६२ मध्ये 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' काढला. त्यात वर्तमानपत्राचा संपादक खरी हकीकत पूर्ण ऐकून घेतो आणि टिपणं फाडून टाकतो. आयुष्यभर दंतकथा रंगवणाऱ्या माणसाने असा प्रसंग दाखवावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

वर्गात मुलांना दंतकथाच आवडायच्या. मी फळ्यावर दोन रकाने आखायची : 'कागदपत्रांत सापडतं ते' आणि 'लोक सांगतात ते'. दुसरा रकाना मी कधी पुसला नाही. लोकांना काय हवं होतं, ते त्यातूनच कळतं. पण दोन्ही एकात मिसळू द्यायचे नाहीत, हा माझा हट्ट. कारण दंतकथेत नायकाला मोठं करायचं, तर समोरच्याला खलनायक व्हावंच लागतं. टॉम मॅक्लॉरी खरोखर निःशस्त्र असेल, तर सिनेमाने त्याला पुन्हा पुन्हा मारलंय, आणि आपण दर वेळी टाळ्या वाजवल्यात.

असो. सिनेमा जरूर बघा. फक्त दुसरा रकानाही मनात आखून ठेवा.